पिठाच्या गिरणीसमोरचा ब्रेक

आमच्या गॅरेजमधून निघणारी प्रत्येक गाडी आधी पिठाच्या गिरणीसमोर थांबवून बघितली जायची आणि मगच मालकाच्या ताब्यात दिली जायची. घाटकोपरला आग्रा रोडवरून आत वळलं की टेकडीकडे जाणारा एक रस्ता लागायचा. त्याच्या डाव्या हाताला आमचं पत्र्याचं गॅरेज आणि तिथून दोनेकशे पावलांवर गिरणी. बाबा गाडी बाहेर काढायचे, वेग घ्यायचे आणि गिरणी आली की स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलून छातीशी धरायचे आणि ब्रेक दाबायचे. गाडी नाकासमोर थांबली तर पास. केसभर जरी डावीउजवीकडे गेली तरी परत पत्र्याखाली. दळण घेऊन उभ्या असलेल्या बायकांना हा रोजचा खेळ होता. एखादी नवीन बाई किंचाळायची, बाकीच्या तिला हसायच्या. बाबांना सगळे आत्माराम मेस्त्री म्हणत. लालबागच्या एका कापडगिरणीत ट्रक दुरुस्त करण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती आणि ती बंद पडल्यावर त्यांनी हे गॅरेज टाकलं होतं. अंधेरीपासून मुलुंडपर्यंतचे टॅक्सीवाले ब्रेकच्या कामासाठी वाकडी वाट करून त्यांच्याकडे यायचे, आणि त्याचा त्यांना गर्व होता. तो त्यांनी कधी लपवला नाही.

त्या काळच्या गाड्यांना चारही चाकांना ड्रमचे ब्रेक असायचे. ड्रमच्या आत दोन अर्धगोल शू, शूवर लायनर ठोकलेलं, ब्रेक दाबला की लायनर ड्रमला आतून घासायचं आणि चाक थांबायचं. बाबांचं गणित साधं होतं. गाडी ज्या बाजूला ओढते त्या बाजूचं चाक जास्त धरतंय. मग त्या बाजूचा ड्रम उघडायचा, लायनरवर चार हात कानस मारायची, म्हणजे त्याची पकड थोडी कमी होते, आणि परत गिरणीसमोर जायचं. कधी कधी एकाच गाडीला सहा-सात फेऱ्या व्हायच्या. शेवटी गाडी अशी थांबायची की बोनेटवर ठेवलेला चहाचा कप हलला तरी वाकडा जायचा नाही, असं बाबा म्हणत. तसा कप कुणी ठेवून बघितला नव्हता, पण म्हणायला कुणाची हरकत नव्हती.

गॅरेजच्या मागेच आमच्या दोन खोल्या होत्या. पहाटे नळ यायचा आणि नळाच्या आधी आई उठायची. खोल्यांची जमीन ज्याने घातली त्याला घाई असावी, कारण दारापासून मोरीपर्यंत चांगलाच उतार होता. सांडलेलं पाणी पुसावं लागायचं नाही, आपलं आपण निघून जायचं. आई ह्याला सोय म्हणायची. सकाळी ती घावनाचं पातळ पीठ वाटीने तव्यावर ओतायची, चर्र आवाज यायचा, आणि त्याच सुमाराला बाहेर माझी हातोडी सुरू व्हायची. शूवर लायनर रिव्हेटने ठोकायचं काम माझ्याकडे होतं. मधल्या रिव्हेटपासून सुरुवात करून कडेकडे ठोकत जायचं, नाहीतर लायनर मध्ये फुगतं. बारावीनंतर मी घरात होते, म्हणजे आईच्या मते स्थळाची वाट बघत होते आणि माझ्या मते बिनपगारी नोकरी करत होते. नखांत काळं जायचं ते रॉकेलने निघायचं नाही, साबणाने निघायचं नाही, चिंच चोळून तर मुळीच निघायचं नाही. एकदा विक्रोळीहून बघायला आलेल्या बाईंनी माझे हात हातात घेऊन विचारलं, ‘मुलीला कशाची आवड?’ आई एका श्वासात म्हणाली, ‘भरतकाम.’ माझ्या माहेरची माणसं अजूनही मला त्यावरून चिडवतात.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ सुधीर, दिवसा बर्फाच्या कारखान्याचा टेम्पो चालवायचा. त्याला शर्यतीच्या गाड्यांचं वेड कुठून लागलं हे मला आजही सांगता येणार नाही. शहराबाहेर विमानांनी सोडून दिलेली एक जुनी धावपट्टी होती आणि वर्षातून एकदा तिथे शर्यत व्हायची. दादा दोन वर्षं ती दोरीच्या मागून बघून आला आणि तिसऱ्या वर्षी मागून चेपलेली एक टॅक्सी भंगारातून घेऊन आला. बाबांनी आठवडाभर तिच्याकडे पाठ करून काम केलं. मग दादाने इंजिन उतरवलेलं बघून त्यांना राहवेना. ‘तो पानो असो धरतत काय रे?’ म्हणत त्यांनी त्याच्या हातातला पाना काढून घेतला, आणि त्या दिवसापासून ती गाडी आम्हा तिघांची झाली. आईने मात्र तिला शेवटपर्यंत ‘ती काळी’ म्हटलं, आणि त्यात रंगापेक्षा रागच जास्त होता.

शर्यतीचा रस्ता असा की आधी धावपट्टीचा लांबलचक सरळ पट्टा, तिथे गाडी ताशी शंभराच्या बरीच वर जायची. पट्टा संपताना डावीकडे मागे फिरणारं अरुंद वळण, तिथे ती तीसवर आणावी लागायची. वळणाच्या बाहेर, उजव्या अंगाला, तेलाची रिकामी पिंपं मांडलेली असत, पिंपांच्या मागे दोरी, आणि शर्यतीच्या दिवशी दोरीच्या मागे माणसं. म्हणजे सगळी शर्यत त्या एका ब्रेकवर होती. जो उशिरा ब्रेक मारेल आणि तरी सरळ राहील तो पुढे जाईल, आणि जो सरळ राहणार नाही तो पिंपांत.

पहिल्या चाचणीला दादाने ब्रेक दाबला आणि गाडीचा मागचा भागच पुढे यायला निघाला. ती गर्रकन फिरून उलट तोंडाने उभी राहिली. वजन कमी करायचं म्हणून आम्ही मागची सीट, स्टेपनी, गालिचा, सगळं उपसून काढलं होतं. जोराचा ब्रेक लागला की गाडी नाकावर झुकते आणि मागची चाकं हलकी होतात. आमची आधीच हलकी, त्यामुळे ती पहिली जाम व्हायची, आणि जाम झालेलं चाक फरशीवरच्या साबणासारखं कुठेही जातं. हे बाबांनी जागच्या जागी ओळखलं. आम्ही बॅटरी पुढून काढून मागे डिकीत नेली, मागच्या लायनरची टोकं कापून ती आखूड केली म्हणजे मागची चाकं पुढच्यांच्या आधी धरणार नाहीत, आणि पुढे चारही नवीन लायनर घातली. त्यावर बाबांनी गिरणीसमोर नऊ फेऱ्या मारून पुढचे ब्रेक स्वतःच्या हाताने लावले. मी मोजल्या होत्या. नवव्या फेरीला गाडी अशी सरळ थांबली की दळणाच्या बायकांनीही माना डोलावल्या.

शर्यतीच्या आधीच्या रविवारी दुसरी चाचणी होती. मी आणि बाबा वळणापाशी उभे होतो. गाडी लांबून ठिपक्यासारखी आली, मोठी झाली, दादाने ब्रेक मारला. शेपूट ह्या वेळी हललं नाही. पण अख्खी गाडी कुणीतरी दावं धरून ओढावी तशी उजवीकडे निघाली. दोन पिंपं उडाली, दोरी तुटली, आणि गाडी पलीकडच्या काटेरी झुडपात शिरून थांबली. त्या दिवशी दोरीमागे कुणी नव्हतं म्हणून बरं. दादा बाहेर आला तेव्हा त्याचा ओठ फाटला होता आणि तो हसत होता. ते हसणं मला आवडलं नाही. माणूस असा फक्त घाबरल्यावर हसतो. मी डांबरावर उमटलेले टायरचे वळ बघायला गेले. उजव्या पुढच्या चाकाचा वळ काळाकुट्ट होता आणि डाव्याचा इतका फिका की शोधावा लागला.

‘हात तुझो वाकडो,’ बाबा परतताना म्हणाले. ‘ब्रेक मारताना स्टिअरिंग ओढतंस.’

‘नाही ओढत बाबा. आईशप्पथ. ती स्वतःच जाते.’

‘गाडी स्वताहून खंय जाता?’

मी वळांबद्दल बोलायला तोंड उघडलं, तर बाबा म्हणाले, ‘तू गप ऱ्हव गो. उद्या बघूया.’ दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्रे ठोकून गाडी बाहेर काढली, गिरणीसमोर दोन्ही हात वर केले आणि ब्रेक मारला. गाडी सुतात थांबली. परत केलं, परत सुतात. आता बोलायला काय राहिलं? दादा फुटपाथवर उभा राहून बघत होता. दोन्ही वेळा त्याने मान खाली घातली.

संध्याकाळी तो गॅरेजच्या पायरीवर बसला होता. मी शेजारी जाऊन बसले.

‘नंदू, माझाच हात असेल काय गं?’

‘वेडा आहेस काय? मी बघितले ना वळ.’

‘मग इथे सरळ कशी थांबते?’

मी म्हटलं, ‘तू नाव काढून घे. पुढच्या वर्षी बघू.’

‘हॅट्. वाट लागली तरी चालेल, पण पळणार. फार तर ब्रेक मारताना स्टिअरिंग डावीकडे ओढून धरेन.’

ह्याचा अर्थ त्यालाही कळत होता आणि मलाही. त्या वेगात अंदाजाने स्टिअरिंग ओढून धरायचं, आणि ते एकदा जरी कमीजास्त झालं तर येत्या रविवारी दोरीच्या मागे माणसं असणार होती. मी त्याच पायरीवर बसून ठरवलं की रविवारच्या आत मी हे शोधून काढणार. माझ्या स्वभावात जी काही चिकाटी आहे, जिला माझे यजमान हट्ट म्हणायचे, ती मला वाटतं त्या आठवड्यात पक्की झाली. मंगळवारी मी पुढची दोन्ही चाकं उतरवून ड्रम आतून तपासले, बेअरिंग बघितली, ब्रेकच्या नळ्या फुंकून बघितल्या. बुधवारी स्प्रिंगा बदलल्या. काही मिळालं नाही. आई जेवायला हाका मारून मारून थकली आणि शेवटी भात झाकून निघून गेली.

गुरुवारी आईने मला जबरदस्तीने मुलुंडला नेलं. मावशीने नवीन ब्लॉक घेतला होता, चौथ्या मजल्यावर, कडप्प्याच्या ओट्याचं स्वयंपाकघर, आणि पहिलं घावन बहिणीच्या हातचं हवं असा तिचा आग्रह होता. आईने पदर खोचला, तवा तापवला, पीठ ओतलं. घावन एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला फाटकं झालं. दुसरंही तसंच. तिसऱ्याला आई चिडली.

‘ह्यो तवो वाकडो असा.’

‘तवो काल आणलंय बाजारातून,’ मावशी हसायला लागली. ‘तुझ्या घरची जमीन उतरती, आणि तुझो हात तसोच पडलो. हय सपाट असा गो, सरळ ओत.’

आईला ते मुळीच पटलं नाही, पण चौथ्या वेळी तिने सरळ ओतलं आणि घावन चंद्रासारखं गोल आलं. इथे मी ताडकन उठले असं लिहायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे मी नारळाच्या रसाबरोबर पाच घावने खाल्ली, वर मावशीच्या गॅलरीत उभी राहून खालची बाग बघितली, आणि माझ्या डोक्यात काहीही आलं नाही. आलं ते परतताना, बसमध्ये. बस थांब्याला लागली की फुटपाथकडे कलायची आणि उभी असलेली सगळी माणसं डाव्या पायावर भार द्यायची. पुढच्या थांब्यालाही तेच. रस्ता मध्ये उंच असतो आणि कडेला उतरता, पावसाचं पाणी गटारात जावं म्हणून. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणजे आपली गाडी जन्मभर डावीकडे कललेली असते. आमचा गिरणीचा रस्ता तर विचारूच नका, मोरीला शोभेल असा त्याचा उतार. त्या रस्त्यावर कुठलीही चांगली गाडी ब्रेक मारल्यावर डावीकडेच जाणार. आणि ती डावीकडे गेली की बाबा डाव्या लायनरवर कानस मारणार, डावं चाक कमी धरू लागेपर्यंत. मग त्या रस्त्यावर ती सरळ थांबणार, आणि सपाट धावपट्टीवर उजवं चाक जास्त धरून तिला उजवीकडे ओढणार. टॅक्सीच्या वेगाला हा फरक कुणाला कळतही नसेल. दादाच्या वेगाला तो पिंपांत नेत होता.

घरी पोचल्यावर मी चपलाही न काढता जुन्या शूंच्या पेटीकडे गेले. बाबा प्रत्येक शूवर खडूने ‘डा’ नाहीतर ‘उ’ लिहायचे. मी बोटाने जाडी बघत गेले. एक ‘डा’ पातळ, दुसरा पातळ, तिसरा पातळ. पेटीभर ‘डा’ पातळ होते. मला आनंद व्हायला हवा होता, पण आता हे जाऊन बाबांना सांगायचं होतं. ज्या हातासाठी मुलुंडहून टॅक्सीवाले येत होते, तो हात चुकतोय, आणि हे कोण सांगणार, तर जिचं काम फक्त रिव्हेट ठोकायचं ती मुलगी.

शुक्रवारी सकाळी सहाला बाबा बशीतून चहा पीत होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

‘बाबा, दादाची गाडी एकदा रस्त्याच्या उजव्या कडेने घ्या आणि ब्रेक मारा.’

‘उलट्या बाजून? कशाक?’

‘एकदाच. आत्ता रस्ता मोकळा आहे. मी शेजारी बसते.’

‘सकाळी सकाळी डोक्या फिरला काय तुझा?’

मी रात्रभर काय काय बोलायचं ते घोकून ठेवलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना. ‘बाबा, रविवारी दादा मरेल हो,’ असं म्हणून मी रडायला लागले. बाबांनी बशी खाली ठेवली आणि किल्ली घेतली.

आम्ही उजव्या कडेने निघालो. गिरणीच्या समोर आलो तसे बाबांनी हात उचलले आणि ब्रेक मारला. गाडीने उजवीकडे अशी उडी घेतली की पुढचं चाक गटाराच्या काठावर आदळलं आणि माझं डोकं दारावर. बाबांनी गाडी मागे घेतली आणि परत मारला. परत गटार. तिसऱ्यांदा ते मी न सांगता रस्त्याच्या अगदी मधोमध गेले, जिथे उतार ना इकडे ना तिकडे. तिथेही ती उजवीकडे गेली, बेताने पण गेली. त्यांनी इंजिन बंद केलं. गिरणीवाला फळ्या उघडत होता, त्याने हात केला, त्यांना दिसला नाही. मी रस्त्याचा उतार, डावी लायनर, पेटीतले शू असं सगळं भराभर सांगत सुटले. मध्येच त्यांनी हात वर केला.

‘कळला माका,’ ते म्हणाले. मग स्टिअरिंगवर हात ठेवून, ‘आणि मी झिलाक सांगत होतंय, तुझो हात वाकडो.’

गॅरेजमध्ये येऊन त्यांनी नवीन लायनर काढली, ड्रम उघडला, कानस हातात घेतली आणि तशीच धरून बसले. मग ती त्यांनी माझ्या पुढ्यात ठेवली. ‘माका जमाचा नाय. माझो हात परत थंयच जातलो. तू कर.’ माझ्या वडिलांच्या तोंडून ‘मला जमणार नाही’ हे शब्द मी आयुष्यात त्या एकाच वेळी ऐकले. मला त्यांची इतकी दया आली आणि त्यांचा इतका अभिमान वाटला, की दोन्हींतलं कुठलं जास्त ते आज इतक्या वर्षांनीही मला ठरवता येत नाही.

पण करायचं कसं? गिरणीचा रस्ता खोटा ठरला होता आणि धावपट्टी रविवारशिवाय मिळणार नव्हती. जो रस्ता वापराल त्याचा उतार हातात येणार. तेव्हा रस्ताच नको, असं मी ठरवलं. कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडून त्याचा हुकाचा स्प्रिंगकाटा मागून आणला. गाडीचं नाक जॅकवर उचललं आणि ब्रेकच्या पेडलवर दोन विटा बांधल्या, म्हणजे दाब दर वेळी तेवढाच. टायरला दोरी गुंडाळून तिचं टोक काट्याच्या हुकात अडकवलं आणि चाक फिरेपर्यंत ओढत राहिले. चाक फिरलं त्या क्षणाला काटा काय दाखवतो ते बाबा वाचायचे. जुन्या लायनरवर उजवं चाक बारा किलोला फिरलं आणि डावं नऊला. बाबांनी तो आकडा दोनदा वाचला. मग आम्ही दोन्हीकडे नवीन, एकाच पेटीतली लायनर घातली. ड्रमला आतून खडू फासायचा, शू फिरवायचा, खडू जिथे उमटेल तेवढंच घासायचं, म्हणजे लायनर ड्रमला सगळीकडे सारखं टेकतं. घासायचं, बसवायचं, ओढायचं, वाचायचं, परत उतरवायचं. शुक्रवार गेला, शनिवार दुपारपर्यंत गेला. दोन टॅक्सीवाले येऊन बघून गेले. एकाने विचारलं, ‘मेस्त्री, ब्रेकचं वजन करता काय?’ बाबा म्हणाले, ‘होय. आता किलोवर देतलंय.’ शनिवारी तीनच्या सुमाराला दोन्ही चाकं सव्वाअकरावर फिरली, पाच वेळा ओढून पाचही वेळा. माझ्या तळहातांना दोरीचे फोड आले होते.

त्या दिवशी जेवायला बांगड्याचं तिखलं होतं. दादा टेम्पो सोडून आला तसं आईने त्याला सगळं सांगून टाकलं, तिच्या पोटात काही राहायचं नाही. बाबा आणि तो समोरासमोर जेवायला बसले. बाबांनी आपल्या ताटातला बांगड्याचा मधला तुकडा उचलला आणि दादाच्या ताटात ठेवला. दादाने तो खाल्ला. आमच्याकडे माफी अशीच मागत, आणि ती मिळाली हेही असंच कळे. आता माझी नात माझ्याशी भांडली तर फोनवर लांबलचक मजकूर पाठवते. तेही चांगलंच आहे, पण मला अजून तो तुकडा जास्त कळतो.

रविवारी ऊन रणरणत होतं. दोरीमागे माणसं जमली होती, पोरंटोरं खांद्यावर, काकडीवाला, गोळेवाला. गाड्या ओळीने उभ्या राहिल्या. मी दादाच्या खिडकीशी गेले. ‘स्टिअरिंग ओढून धरू नकोस,’ मी म्हटलं. ‘सरळ धर आणि दाब. मी सांगते ना.’ तो म्हणाला, ‘नक्की ना, नंदू?’ मी हो म्हटलं. काटा सव्वाअकरा दाखवतो, पण काटा रद्दीवाल्याचा, जॅकवरची चाकं म्हणजे पळती चाकं नव्हेत, सगळं मला तेव्हाच सुचलं. बाबा कुठे आहेत बघायला मी वळले तर ते जागेवर नव्हते. गाड्या सुटल्या तसं मला ते दिसले. ते वळणापाशी होते. दोरीच्या आत, उजव्या अंगाला, मागच्या रविवारी जी दोन पिंपं उडाली त्यांच्या अगदी मागे, हात पाठीशी बांधून उभे. एक लाल फीतवाला माणूस त्यांना हाताने बाजूला व्हायला सांगत होता आणि ते त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हते.

मी ओरडले, पण इंजिनांच्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही. सहा गाड्या पुढे, सातवी दादाची. पुढच्यांच्या ब्रेकचे दिवे लागले, दादाचे लागले नाहीत, अजून लागले नाहीत, आणि मग लागले. गाडी नाकावर झुकली. मी डोळे मिटणार नाही असं स्वतःला बजावलं आणि मिटले नाहीत. ती रेघ मारल्यासारखी सरळ गेली, बाबांच्या समोर चार-पाच हातांवर मंदावली, डावीकडे वळली आणि निघून गेली. बाबांचा सदरा वाऱ्याने उडाला तेवढंच. दर फेरीला दादा ब्रेक आणखी थोडा उशिरा मारत गेला, आणि दर फेरीला बाबा तिथेच. शेवटच्या फेरीपर्यंत ते एक पाऊल मागे सरले नाहीत. दादा पाचवा आला. त्याला कप मिळाला नाही, टाळ्याही बेताच्याच, पण गाडीतून उतरल्यावर तो आधी माझ्याकडे आला आणि माझे फोड आलेले हात घट्ट दाबून धरले. मला इतकं दुखलं की मी त्याला शिवी दिली.

संध्याकाळी आई दारातच उभी होती. तिने आधी दादाला चाचपून बघितलं, मग मला, आणि मग तिचं लक्ष बाबांकडे गेलं. त्यांचा चेहरा आणि मान उन्हाने लालभडक झाली होती आणि कपाळाची कातडी सोलवटली होती.

‘ह्या काय? खंय उभे होतात तुमी दिवसभर?’

बाबांनी चपला काढल्या, भिंतीला लावून नीट ठेवल्या. ‘वळणाकडे,’ ते म्हणाले. ‘थंय सावली होती.’

त्या धावपट्टीवर पुढे मी कितीतरी वर्षं ब्रेक लावायला गेले. तिथे नजर पोचेल तिथवर एकही झाड नव्हतं.